डन बाय यंत्र, चेक्ड बाय आम्ही

औषधाच्या कारखान्यात प्रॉडक्शनवाले आणि क्यूसीवाले, म्हणजे माल तपासणारे लॅबवाले, यांचं नातं जुनं आहे आणि त्यात संवाद एकच आहे. प्रॉडक्शनवाला लॅबच्या काचेच्या दारातून अर्धा आत डोकावतो आणि विचारतो, "झालं का हो?" क्यूसीवाला मान वर न करता सांगतो, "चालू आहे." आजचं टॅब्लेट मशीन तासाला लाखांनी गोळ्या पाडतं. त्यांतल्या मूठभर आमच्याकडे येतात आणि आठवडाभर मुक्काम ठोकतात. बाकीच्या क्वारंटाइनमध्ये ताटकळत बसतात. या आठवड्याचा दिवस करायचा म्हणून वरच्या मजल्यावर ठरलं, की लॅब ऑटोमेट करायची. त्या मीटिंगमध्ये सल्लागाराने एक स्लाइड दाखवली. डावीकडे घाम पुसणारा माणूस, उजवीकडे हसणारं यंत्र, मध्ये बाण. यंत्र का हसत होतं ते आम्हाला पुढे कळलं.

तोवर आमच्या लॅबमध्ये हाताला किंमत होती. अण्णांच्या हाताला तर फारच. अण्णा म्हणजे सेक्शनमधले सर्वांत जुने केमिस्ट. त्यांच्या हातात ब्युरेट असली की मॅनेजरसुद्धा आवाज खाली घेऊन बोलायचे. डाव्या हाताच्या बोटांनी ब्युरेटची तोटी फिरवायची, उजव्या हाताने फ्लास्क गोल हलवायचा, आणि शेवटी शेवटी तोटी इतकी हळू उघडायची की अर्धा थेंब टोकाला लोंबावा पण पडू नये. मग तो फ्लास्कच्या आतल्या कडेला टेकवायचा आणि वॉश बॉटलची एक पिचकारी मारून खाली उतरवायचा. फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी झालं आणि अर्धा मिनिट तसंच राहिलं, की रीडिंग. आता गुलाबी म्हणजे केवढा गुलाबी, यावर आमच्यात तट होते. अण्णांचा गुलाबी त्यांचा त्यांनाच दिसायचा. नवी पोरं त्याच थेंबात थेट राणी कलरवर जायची.

ऑटोटायट्रेटर आला तेव्हा कळलं, की त्याला गुलाबी हा प्रकारच ठाऊक नाही. त्याचा इलेक्ट्रोड द्रावणात बुडालेला असतो, व्होल्टेज जिथे उडी मारतं तिथे यंत्र थांबतं, आणि आकडा छापून देतं. डेमोच्या दिवशी अण्णांनी निमूटपणे बीकरमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले. सर्व्हिस इंजिनिअर घाईघाईने म्हणाला, "सर, ह्याला इंडिकेटर लागत नाही."

"त्याला लागत नसेल," अण्णा म्हणाले. "मला लागतो."

यंत्र थांबलं तेव्हा बीकर अगदी अण्णांच्या गुलाबीवर होता. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि "बरं आहे" एवढंच म्हणाले. कोणालाही याहून मोठं सर्टिफिकेट त्यांनी दिल्याचं मला माहीत नाही.

पण अण्णांच्या सर्टिफिकेटवर यंत्र चालवता येत नाही. त्यासाठी व्हॅलिडेशन लागतं. आधी आपल्याला काय काय हवं आहे ते लिहून काढायचं, त्याप्रमाणे यंत्र निवडायचं, मग ते नीट बसलं का, नीट चालतं का, आणि आपल्या कामाला नीट चालतं का, अशा तीन पायऱ्या चढायच्या. आमच्याकडे यंत्र आधी आलं, कारण मार्च संपत होता आणि बजेट संपवायचं होतं. त्यामुळे आम्हाला काय हवं आहे ते आम्ही त्याच्या कॅटलॉगवरून लिहिलं. गरज आणि यंत्र इतकं तंतोतंत जुळल्याचं पाहून क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या, मॅडमना शंका आली होती. पण त्यांनाही मार्च होता.

या व्हॅलिडेशनमध्ये एक चाचणी असते: चुकीचा पासवर्ड टाकल्यास प्रवेश नाकारला जातो का? अपेक्षित निकाल: नाकारला जातो. पुरावा: स्क्रीनशॉट. आमच्या एका होतकरू मुलाने ती इतक्या मनापासून केली की खातं कुलूपबंद झालं. कुलूप उघडण्याचा अधिकार फक्त आयटीवाल्याला, आणि आयटीवाला चुलतभावाच्या हळदीला गावी गेलेला. लाखो रुपयांचं यंत्र दोन दिवस निळा दिवा लावून स्वस्थ बसलं. रिपोर्टमध्ये मात्र त्या चाचणीपुढे 'पास' असं लिहिलं गेलं आणि ते शंभर टक्के खरं होतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, लॅबमध्ये काम स्वयंचलित झालं. माझ्या मते आधी संशय स्वयंचलित झाला. काम मागाहून, सवडीने. या संशयाचा इतिहास मोठा आहे. १९९३ साली अमेरिकेत सरकार विरुद्ध बार लॅबोरेटरीज या खटल्याचा निकाल लागला. नमुना नापास आला म्हणून पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत राहणं चालणार नाही, असं न्यायमूर्ती वॉलिन यांनी त्यात बजावलं. १९९७ मध्ये तिथल्या औषध नियामकाचा, म्हणजे एफडीएचा, पार्ट ११ आला: संगणकातल्या नोंदी आणि संगणकातल्या सह्या विश्वासार्ह कधी मानायच्या, याचे नियम. शिवाय नोंदींच्या अटी सांगणारं अल्कोआ होतंच. नोंद कोणाची ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम करतानाच केलेली पाहिजे, मूळ पाहिजे आणि बरोबर पाहिजे. एवढ्याने भागेना म्हणून त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह लावून आणखी चार अटी घातल्या: पूर्ण, सुसंगत, टिकाऊ आणि मागताक्षणी हजर. इतक्या अटी माणसाला घातल्या असत्या तर आमच्या लॅबमध्ये कोणी नोकरीलाच राहिलं नसतं.

'काम करतानाच' ही अट सर्वांत जड गेली. पूर्वी बॅलन्सच्या खोलीत वर्कशीट न्यायचा कंटाळा म्हणून लोक वजन टिश्यू पेपरवर, ग्लोव्हवर, घाईत असले तर तळहातावर लिहून आणत. सरळ हिशोब होता: तळहात हरवत नाही. पण ऑडिटर 'मूळ नोंद दाखवा' म्हणाला तर काय दाखवणार? म्हणून बॅलन्सला प्रिंटर जोडला. वजन स्थिर झालं की चिठ्ठी आपोआप बाहेर. तारीख, वेळ, आयडी, सगळं त्यावर. झालं, प्रश्न मिटला.

मिटला नाही, कारण ती चिठ्ठी थर्मल पेपरची. काही महिन्यांत छपाई उडते आणि हातात कोरा कागद उरतो. 'टिकाऊ' या अटीचा बोजवारा. मग ठरलं, की चिठ्ठीची झेरॉक्स काढायची, झेरॉक्सवर 'मूळ प्रतीबरहुकूम' म्हणून सही करायची, आणि मूळ प्रतही त्याच्या मागे लावायची. चिठ्ठी वर्कशीटला चिकटवताना सही निम्मी चिठ्ठीवर आणि निम्मी कागदावर आली पाहिजे, म्हणजे मागाहून बदलता येणार नाही. काही ठिकाणी डिंकाने छपाई लवकर उडते असं दिसलं, म्हणून डिंक कोणता वापरावा यावर एक पत्रक निघालं. पाच सेकंदांचं वजन सहज दहा मिनिटं घ्यायला लागलं. शेवटी बॅलन्स थेट सर्व्हरला जोडला आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद झेरॉक्सवाल्याला होईल असं वाटलं होतं. पण तो हिरमुसला. त्याला आमची सवय झाली होती.

सर्व्हरने नवाच घोळ घातला. बॅलन्सची वेळ आता सर्व्हरवरून यायला लागली आणि सोनिकेटरच्या लॉगबुकातली वेळ केमिस्ट भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहीत होता. भिंतीवरचं घड्याळ जरा मागे. एका ऑडिटमध्ये पाहुण्यांनी दोन कागद शेजारी ठेवले आणि अतिशय सौम्य आवाजात विचारलं, की पावडरचं वजन २ वाजून ५ मिनिटांनी झालं, तर तीच पावडर २ वाजून ३ मिनिटांनी सोनिकेटरमध्ये विरघळत कशी होती? खोलीत शांतता. आमचे मॅनेजर फॉर्म्युला आठवत असल्यासारखे छताकडे बघत राहिले. पुढच्या महिन्यात लॅबमधल्या प्रत्येक घड्याळाला नंबर मिळाला, कॅलिब्रेशनचं स्टिकर मिळालं, एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धती, मिळाली. मनगटी घड्याळावर बंदी आली. आता लॅबमध्ये घड्याळ बघायला परवानगी आहे, पण स्वतःचं नाही.

एचपीएलसीची, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची, गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्याकडे रोजच घडते. अण्णांच्या उमेदवारीच्या काळात चार्ट पेपरवर पेन नागमोडी रेघ काढायचं आणि पीकचं, म्हणजे रेघेतल्या उंचवट्याचं, क्षेत्रफळ मोजायला काही लोक तो पीक कात्रीने कापून त्या कागदाचं वजन करायचे. चेष्टा नाही, ही मान्य पद्धत होती. मग हाताने सिरिंज टोचायची, खटका फिरवायचा, वीस मायक्रोलिटर आत. आता ऑटोसॅम्पलरमध्ये शंभर-शंभर व्हायल मांडून केमिस्ट संध्याकाळच्या बसने घरी जातो. म्हणजे जायला हवा. यंत्र रात्रभर काम करतं, त्यामुळे माणूस रात्रभर जागा असतो. पंपात एक हवेचा बुडबुडा शिरला, की पहाटे तीनला प्रेशर पडतं, सिक्वेन्स थांबतो आणि उशाखालचा मोबाईल टिंगटिंग करतो. बायको विचारते, "कोण आहे?" "कॉलम," तो सांगतो आणि कूस बदलतो. सकाळी सिक्वेन्स का थांबला त्याचं लेखी स्पष्टीकरण द्यावं लागतं, कारण यंत्राने ते आधीच आपल्या बाजूने लिहून ठेवलेलं असतं.

त्या लिहिण्याला ऑडिट ट्रेल म्हणतात. कोणी, काय, कधी, का. पैकी 'का' माणसाने भरायचा असतो. सुरुवातीला तो रकाना मोकळा होता आणि लोक मोकळेपणाने लिहीत: 'चुकून', 'सरांनी सांगितलं', एकाने तर 'भूक लागली होती'. मग तिथे तयार कारणांची यादी आली, त्यातलं एक निवडायचं. तेव्हापासून सगळ्यांच्या चुका एकसारख्या झाल्या. हा ट्रेल कोणीतरी वाचायचा असतो, वाचल्याची सही करायची असते, आणि ती सहीसुद्धा ट्रेलमध्ये जाते. पीकची बेसलाइन कोणी हाताने जरा खाली-वर ओढली, तर त्याचा मिनिटासकट पंचनामा. एका चाचणीला जितका वेळ लागतो, तितकाच ती चाचणी प्रामाणिकपणे झाली हे वाचून काढायला लागतो.

डिसोल्युशनबद्दल मात्र घाई करणार नाही. गोळी पोटात गेल्यावर विरघळते का, हे काचेच्या भांड्यात बघायची ही चाचणी. सहा भांडी, साधारण ९०० मिली द्रव, ३७ अंश तापमान, पॅडल मिनिटाला ५० फेरे. समजा, तिसाव्या मिनिटाला नमुना काढायचा आहे. वेळेत सूट दोन टक्के, म्हणजे ३६ सेकंद. पूर्वी गोळ्या एकेका मिनिटाच्या अंतराने सोडायच्या, म्हणजे प्रत्येक भांड्याचं तिसावं मिनिट वेगळं येतं. मग सिरिंज घेऊन पहिल्या भांड्यापासून सहाव्यापर्यंत सरकत जायचं: पॅडलचा वरचा काठ आणि द्रवाचा पृष्ठभाग यांच्या मधोमध सुई, दहा मिली खेच, फिल्टर लाव, टेस्ट ट्यूबमध्ये सोड, पुढे. त्या वेळात फोन घ्यायचा नाही, शिंकायचं नाही, आणि प्रॉडक्शनवाला दारात आला तर त्याच्याकडे नुसतं बघायचं. निष्णात केमिस्ट हे करताना बघणं म्हणजे मेजवानी.

आता सहाही गोळ्या एकदम पडतात, सहा नळ्या एकदम नमुना ओढतात, सेकंदाचीही चूक नाही. फक्त यंत्र भांड्यात बघत नाही. गोळी तळाशी मधोमध न बसता कडेला चिकटली, कॅप्सूल तरंगत राहिली, पॅडलखाली भुकटीचा ढीग साचून तसाच राहिला, की आकडा बिघडतो. अण्णा गुडघे मोडून, भांड्याला नाक लावून ते बघायचे आणि वर्कशीटवर लिहायचे: 'चार नंबरची कडेला.' पुढे ओओएसची, म्हणजे निकाल मर्यादेबाहेर गेल्याची, चौकशी लागली, की त्या तीन शब्दांवर अख्खी चौकशी तरून जायची. आता यावर उपाय म्हणून भांड्यांना कॅमेरे लावले. व्हिडिओ साठवला जातो. साठवलेला व्हिडिओ कोणीतरी बघितला पाहिजे असं एसओपीत आलं. त्यामुळे एमएस्सी झालेली एक हुशार मुलगी आता रोज एसीत बसून सहा खिडक्यांमध्ये सहा गोळ्या विरघळताना बघते. आमच्या लॅबमधली ही सर्वांत दीर्घकाळ चाललेली मालिका आहे, आणि कथानक सगळ्यांना माहीत आहे.

खरी पंचाईत झाली ती चुकांची. पूर्वी काहीही बिघडलं, की चौकशीच्या शेवटी मूळ कारण ठरलेलं: मानवी चूक. उपाय ठरलेला: केमिस्टला पुन्हा ट्रेनिंग. एसओपी परत वाचायची, ट्रेनिंग रेकॉर्डवर सही, फाइल बंद. ऑडिटर लोकांना हे 'मानवी चूक' प्रकरण आवडत नाही, पण निदान ते लिहिता येत होतं. एकदा ऑटोसॅम्पलरने एक व्हायल सोडून पुढची उचलली. माणूस जवळपासही नव्हता. क्यूएच्या मॅडम फॉर्म घेऊन आल्या. मूळ कारणाचा रकाना कोरा.

"मानवी चूक लिहा," मॅनेजर म्हणाले.

"सर, मानव कुठाय यात?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "ट्रेनिंग द्या त्याला. एसओपी वाचून दाखवा. सही करत नाही म्हणाला तर मला सांगा."

माणसं कमी होणार होती, त्याचं काय झालं? ती तितकीच आहेत. पिपेट धरणारा आता माउस धरतो, एकजण दिवसभर ट्रेल वाचतो, एकजण पासवर्ड सोडवतो, एकजण व्हॅलिडेशनच्या फायली एका कपाटातून दुसऱ्या कपाटात नेतो. सल्लागार पुन्हा येऊन गेला. त्याच्या नव्या स्लाइडवर माणूस नव्हताच.

एवढं चिडवून झाल्यावर हेही सांगतो, की मला जुने दिवस परत नकोत. हाताने आकडे उतरवून घेताना ६ चा ८ व्हायचा, ते गेलं. ओलावा मोजण्याच्या कार्ल फिशर पद्धतीत पूर्वी पिरिडीनचा जो भयानक वास अंगाला चिकटून घरी यायचा, तोही गेला. आणि संशयाबद्दल म्हणाल, तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्याच विषाने अमेरिकेत १९३७ साली शंभराहून जास्त माणसं मेली होती. ते विष ओळखायची रसायनविद्या १९८६ मध्ये नवीन नव्हती. ज्यांनी बघायला हवं होतं त्यांनी बघितलं नाही. आमच्याकडे ग्लिसरॉलचा ड्रम येतो, तेव्हा त्या कागदावर सही करताना मी विनोद करत नाही.

आता हे संगणकांचं वारं लहान कारखान्यांपर्यंत पोचलंय. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये औषध उत्पादनाच्या नियमांचं सुधारित शेड्यूल एम काढलं आणि त्यात संगणकीय यंत्रणांचं प्रकरणच घातलं. २५० कोटींवर उलाढाल असलेल्यांना सहा महिने, बाकीच्यांना बारा. मग छोट्यांना अर्ज करून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सवड मिळाली. आमच्याच रस्त्यावरच्या एका छोट्या युनिटचे मालक चहाला भेटले. मी विचारलं, "शेठ, तुमच्याकडे प्रत्येक केमिस्टला वेगळा पासवर्ड आहे का?" ते अभिमानाने म्हणाले, "छे हो. सगळ्यांत मिळून एकच. आपल्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे." त्यांना पार्ट ११ समजावून सांगायचं माझ्या जिवावर आलं. चहा त्यांनी पाजला होता.

अण्णा रिटायर झाले तेव्हा त्यांचं खातं बंद केलं, पण पुसलं नाही. पुसता येत नाही. त्यांनी केलेल्या प्रत्येक नोंदीला त्यांचा आयडी जोडलेला आहे आणि तो दुसऱ्या कोणाला देताही येत नाही. त्यांच्याच आद्याक्षरांचा एक मुलगा पुढच्या बॅचमध्ये आला, तर सिस्टमने त्याच्या नावापुढे २ लावला. तो बिचारा अजून विचारतो, "एक नंबरचे कोण?"

एक नंबरचे परवा फोनवर होते. डॉक्टरांनी त्यांना ब्लडप्रेशरची गोळी सुरू केलीय. नेमकी आमच्या कंपनीची.

"बॅच नंबर सांगतो, लिहून घे," अण्णा म्हणाले. "याचं डिसोल्युशन कोणी केलं?"

"अण्णा, बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. एसओपी आहे."

"ती एसओपी मीच लिहिलीय. बोल."

मी स्क्रीनवर बघितलं. "मशीनने केलंय."

"ते केलं असेल रे. भांड्यात बघितलं कोणी?"

व्हिडिओ रिव्ह्यू, तारीख, वेळ, सही. नाव माझं होतं. त्या दिवशी ती हुशार मुलगी रजेवर होती.

"मी बघितलंय, अण्णा. सहाही नीट विरघळल्या."

पलीकडे जरा वेळ गोळ्यांच्या पट्टीचा कागद चुरचुरल्याचा आवाज आला.

"बरं झालं विचारलं," अण्णा म्हणाले. "उद्यापासून दुसऱ्या कंपनीची आणतो."